बिबट्याच्या मादीला एका वेळी किती पिल्ले होतात? उसात दोन सापडली, तिसरे असेल का?

कादवाकाठ (निफाड तालुका)

सर्वांना नमस्कार. आमचे शेत निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठी आहे. गेल्या आठवड्यात ऊसतोड चालू असताना टोळीतील एका बाईंना पाचटाखाली बिबट्याची दोन पिल्ले दिसली. मुकादमाने लगेच कोयते थांबवले आणि आम्ही वन विभागाला कळवले. कर्मचाऱ्यांनी येऊन पिल्ले तपासली, त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवली आणि समोर कॅमेरा लावला. रात्री साडेआठच्या सुमारास मादी आली आणि एक पिल्लू घेऊन गेली. सुमारे पाऊण तासाने परत येऊन तिने दुसरे नेले. विशेष म्हणजे पहाटेच्या आधी ती पुन्हा एकदा त्या रिकाम्या क्रेटपाशी आल्याचे चित्रीकरणात दिसते.

आता साधारण एक एकर ऊस उभा आहे आणि टोळी आत जायला तयार नाही. मुकादमाचे म्हणणे असे की वाघराच्या, म्हणजे बिबट्याच्या, मादीला चार पिल्ले होतात, म्हणजे आणखी दोन आत आहेत. माझे थोरले बंधू म्हणतात की तिला दोनच होतात, त्यामुळे काम सुरू करायला हरकत नाही. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही अनेक वर्षे ऊस पाहिला आहे, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला कळेनासे झाले आहे. सापडलेल्या पिल्लांवरून एकूण पिल्ले किती हे सांगता येते का?

याच निमित्ताने एक जुनी शंकाही विचारतो. आमची शेळी दोन करडे देते, म्हशीला एकच रेडकू होते, बांधावरच्या कोल्हीच्या मागे मी स्वतः पाच पिल्ले पाहिली आहेत आणि रानडुकरिणीच्या मागे तर मोजता येणार नाहीत इतकी असतात. जंगली प्राण्यांमध्ये हा आकडा कशावरून ठरतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त पशुवैद्य (सिन्नर)

आपण काम थांबवून पिल्ले त्याच जागी ठेवू दिलीत, याबद्दल प्रथम आपले आणि त्या मुकादमाचे मनापासून अभिनंदन करतो. पिल्ले उचलून घरी नेणे, त्यांना गाईचे दूध पाजणे, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढणे हे प्रकार मी इतके पाहिले आहेत की आपल्यासारखी बातमी वाचली की फार बरे वाटते.

बिबट्याच्या मादीला एका वेताला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. एकच होणे किंवा चार होणे हेही नेहमीच्या मर्यादेतलेच आहे. गाभण काळ साधारण ९० ते १०५ दिवसांचा असतो. जन्मतः पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास भरते, त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते आठवडा-दहा दिवसांनी उघडतात. त्यामुळे मुकादमांचे चार आणि आपल्या बंधूंचे दोन हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. चूक आहे ती फक्त 'इतकीच होतात' असे म्हणण्यात.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की सापडलेल्या पिल्लांवरून फक्त किमान आकडा कळतो. मादी पिल्लांची जागा वारंवार बदलते आणि बदलताना एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते. टोळी फडात शिरली तेव्हा तिने एखादे पिल्लू आधीच दुसरीकडे हलवलेले असू शकते, आणि आपल्याला दिसली ती मागे राहिलेली दोन. याउलट, तिला तीन झाली असतील आणि त्यातले एक पहिल्या आठवड्यातच दगावले असेल, असेही होते. बिबट्याची जवळजवळ निम्मी पिल्ले पहिल्या वर्षातच मरतात. म्हणूनच डोळे न उघडलेली पिल्ले सापडली तर आकडा जन्माच्या आकड्याच्या जवळ असतो, आणि आईमागे चालणारी पिल्ले दिसली तर तो आकडा जगलेल्यांचा असतो, जन्मलेल्यांचा नव्हे. आपण बांधावर पाहिलेल्या कोल्हीचेही तसेच आहे. पाच दिसली म्हणजे पाचच झाली होती असे समजू नये. कोल्ह्यामध्ये तीनपासून आठपर्यंत पिल्ले होतात.

मादी रिकाम्या क्रेटपाशी परत आली, यावरून मात्र कोणताच निष्कर्ष काढू नये. ज्या जागी पिल्लांचा वास आहे तिथे मादी पुन्हा वास घेण्यासाठी येते, मग तिथे काही शिल्लक असो वा नसो.

आता कृतीबद्दल. उरलेला एक एकर किमान दोन रात्री तसाच राहू द्यावा. त्यानंतर वन कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन, चांगला उजेड झाल्यावर, वस्तीच्या बाजूने तोड सुरू करावी आणि नदीच्या किंवा शेजारच्या उभ्या उसाच्या बाजूला माणसे उभी करू नयेत, म्हणजे मादीला निघून जायला वाट मोकळी राहील. चारही बाजूंनी घेरून केलेली तोड सर्वांत धोक्याची. काही ठिकाणी तोडीआधी फड पेटवून देतात. ते कृपया कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण मादी पळून जाते पण पिल्ले जागेवर जळून मरतात. पुन्हा पिल्लू दिसले तर त्याला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. तिथले वाइल्डलाइफ एसओएस या वन्यजीव संस्थेचे पशुवैद्य आणि वन विभाग मिळून गेली अनेक वर्षे उसात सापडलेली पिल्ले आईकडे परत पोहोचवत आले आहेत. त्यांचीही रीत हीच आहे: तीच जागा, अंधार पडण्याची वाट आणि माणसांनी दूर राहणे.

एक खात्री मात्र करून घ्यावी की पुढे जे दिसेल ते बिबट्याचेच आहे. आपल्या भागातील उसात रानमांजर आणि वाघाटी या दोन लहान मांजरीही वितात आणि त्यांची पिल्ले 'बिबट्याची पिल्ले' म्हणून वन विभागाकडे आणली जातात. रानमांजराला बहुधा तीन-चार पिल्ले होतात. त्यांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, बिबट्यासारखे दाट ठिपके नसतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मांजरींपैकी एक. तिला एक ते तीन पिल्ले होतात आणि पाठीवर ठिपक्यांच्या रांगा असतात. बिबट्याचे पिल्लू अंगाने दांडगे, करड्या झाकेचे आणि दाट ठिपक्यांचे असते. उसात एकाच जागी चार-पाच 'बिबटे' सापडल्याची बातमी आली की मला पहिल्यांदा रानमांजराचीच शंका येते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी फक्त गोठ्यातून दिसते तेवढे सांगतो. मादीला सड किती आहेत ते पाहावे. साधारण नियम असा की नेहमीच्या वेतातील पिल्ले सडांच्या निम्मी असतात आणि जास्तीत जास्त पिल्ले सडांइतकी. शेळीला दोन सड आणि एक किंवा दोन करडे. मांजरीला आठ सड आणि चारच्या आसपास पिल्ले. कुत्रीला आठ ते दहा सड आणि चार-सहा पिल्ले. वटवाघूळ, माकड, हत्ती यांना छातीपाशी दोन सड आणि एकच पिल्लू. डुकरिणीला बारा-चौदा सड असतात आणि तिची पिल्ले जन्मानंतर दोन-चार दिवसांतच आपापला सड ठरवून घेतात. एकाच्या सडाला दुसऱ्याने तोंड लावले की भांडण होते. डुकरिणीचा गाभण काळ आम्हाला 'तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस' असा पाठ करायला लावला होता, आणि रानडुकरिणीचाही जवळपास तेवढाच आहे. एका वेताला चार ते सहा पिल्ले नेहमीची, क्वचित दहाच्या पुढेही. गाय आणि म्हैस मात्र या नियमात बसत नाहीत, चार सड आणि एक वासरू. त्यामागचे कारण शास्त्र शिकवणाऱ्या कोणीतरी सांगावे.

प्राणिशास्त्र शिकवते (नाशिक रोड)

डॉक्टरसाहेबांनी इतके नेमके लिहिले आहे की मी फक्त 'का' या भागाकडे वळते.

सडांचा नियम बरोबर आहे, पण ते कारण नसून परिणाम आहे असे मी विद्यार्थ्यांना सांगते. ज्या जातीत पिल्ले अधिक होतात त्या जातीत सड अधिक राहिले. सड ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष आकडा ठरतो तो आईला किती पिल्ले वाढवून मोठी करता येतात यावर. पक्ष्यांच्या अंड्यांबद्दल डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने १९४७ साली हाच विचार मांडला: घरट्यात तितकीच अंडी दिसतात जितकी पिल्ले आईबाप भरवून वाढवू शकतात. सस्तन प्राण्यांमध्ये भरवण्याच्या जागी दूध येते, आणि दूध ही आईच्या शरीराला गर्भापेक्षाही महाग पडणारी गोष्ट आहे. गाभण म्हशीपेक्षा दुभत्या म्हशीला पेंड जास्त का घालावी लागते, हे शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

पहिला मोठा फरक पिल्लू कोणत्या अवस्थेत जन्मते यात आहे. काही पिल्ले आंधळी आणि असहाय जन्मतात: उंदीर, घूस, मांजर, कुत्रा, बिबट्या. काही जन्मानंतर तासाभरातच उभी राहतात: काळवीट, चितळ, म्हैस, घोडा. दुसऱ्या प्रकारात पिल्लाची बरीच वाढ आईच्या पोटातच व्हावी लागते, त्यामुळे गर्भकाळ लांब आणि पिल्लू एकच. चितळ आणि सांबर यांचा गर्भकाळ सात-आठ महिन्यांचा आणि पाडस एक. हत्तिणीचा बावीस महिन्यांच्या आसपास आणि पिल्लू एक. म्हशीचे उत्तर यातच आहे. तिच्या सडांपेक्षा तिच्या गर्भाशयातील जागा आणि रेडकाचे वजन हे अधिक निर्णायक ठरते. नीलगाय मात्र या गटात असूनही तिला जुळी होणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून नियम सांगताना मी 'साधारणपणे' हा शब्द गाळत नाही.

या फरकाचे सर्वांत सुंदर उदाहरण सशाचे आहे, आणि ते आपल्या माळावरच पाहता येते. लोक पिंजऱ्यातील पांढरा ससा आणि रानातील ससा एकच समजतात. पिंजऱ्यातील सशाची मादी साधारण एक महिन्यात सहा-आठ आंधळी, केस नसलेली पिल्ले देते आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या अंगचे केस उपटून घर करते. आपला रानससा बीळ खणत नाही; त्याची मादी गवतात उघड्यावर एक ते तीन-चार पिल्ले देते, तीही अंगभर केस असलेली आणि डोळे उघडलेली. बीळ नाही म्हणून पिल्लू तयार होऊनच जन्मले पाहिजे, आणि तयार होऊन जन्मायचे म्हणून संख्या कमी. लहानपणी सिन्नरच्या माळावर आजोबांनी मला असे एक पिल्लू दाखवले होते. आम्ही हातभर अंतरावर उभे होतो आणि ते हलले नाही. आजोबांनी मला लगेच मागे ओढले. त्या दिवसापासून हा विषय माझा झाला.

दुसरा फरक आयुष्याच्या लांबीचा आहे. फक्त शरीराच्या आकाराचा नाही. लहान प्राण्यांना पुष्कळ पिल्ले आणि मोठ्यांना थोडी, असे पाठ्यपुस्तकी वाक्य वटवाघळापाशी मोडते. घरातला उंदीर तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्ले देतो आणि वर्षभर जगला तरी पुष्कळ. आपल्या द्राक्षबागांवर येणारे लहान फळखाऊ वटवाघूळ उंदरासारखेच छोटे असते, पण त्याच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, वर्षातून साधारण दोनदा, आणि ते पिल्लू पोटाशी घेऊन तिला उडावे लागते. ओझे वाहून उडणाऱ्या आईला चार पिल्ले परवडत नाहीत. त्या बदल्यात वटवाघूळ कितीतरी वर्षे जगते. म्हणूनच बागेत वटवाघळे मारणारे आणि उंदीर मारणारे शेतकरी एकच काम करत नाहीत. उंदरांची संख्या हंगामात भरून निघते, वटवाघळांची भरून निघायला अनेक वर्षे लागतात. बागेला जाळी लावावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी गोष्ट मदतीची. बिबट्याची मादी एकटी शिकार करते, एकटी पिल्ले सांभाळते आणि शिकारीला गेली की पिल्ले मागे एकटीच असतात. कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप असतो; शिकार करून आलेले इतर सदस्य पिल्लांना आणि त्यांच्या आईला पोटातले मांस ओकून देतात. त्या मादीला बारा ते सोळा सड असतात, पाळीव कुत्रीपेक्षाही अधिक, आणि एका वेताला चार-सहा पिल्ले तर नेहमीची, कधी त्याहून पुष्कळ अधिक. लांडग्याचेही तसेच, कळपातील बाकीचे मदतीला असतात.

टोकाची उदाहरणे हवी असतील तर मादागास्कर बेटावरील टेनरेक या काटेरी प्राण्याच्या एका वेतात ३२ पिल्लांपर्यंत नोंद आहे. त्याच्या मादीला २९पर्यंत सड असतात. अमेरिकेतील नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोला तर जवळजवळ नेहमी चारच पिल्ले होतात, कारण एकाच फलित बीजांडाचे चार भाग होऊन चार सारखी भावंडे तयार होतात. दर वेताला ठरलेला आकडा देणारे असे सस्तन प्राणी फार थोडे.

अलीकडे 'उसातला बिबट्या खाणे मुबलक मिळाल्यामुळे चार-चार पिल्ले देऊ लागला' असे वारंवार ऐकू येते. आईला चांगले खाणे मिळाले तर वेत मोठे होऊ शकते, ही गोष्ट अनेक प्राण्यांत खरी आहे, रानडुकरात तर ती स्पष्ट दिसते. पहिल्या वेताला पिल्ले कमी असणे हेही अनेक जातींत आढळते. परंतु बिबट्याला चार पिल्ले होणे हे पूर्वीपासून मर्यादेतलेच आहे, त्यामुळे चार सापडली एवढ्यावरून काही बदलले असे म्हणता येत नाही. उसात पिल्ले लपतात चांगली आणि तोडीच्या वेळी ती अचानक आपल्या डोळ्यांसमोर येतात, जंगलात ती तशी कोणाला दिसतच नाहीत.

मोजायला सोपा प्राणी पाहायचा असेल तर घराभोवतालच्या चिचुंद्रीकडे लक्ष ठेवावे. जागा बदलताना पहिले पिल्लू आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरते, दुसरे पहिल्याचे, आणि अशी दोन-चार पिल्लांची रांग भिंतीच्या कडेने जाते.

येवलेकर

मी ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्राच्या बाजूच्या गावात राहतो, म्हणून काळविटाबद्दल दोन शब्द लिहितो. काळविटाच्या मादीला साधारण सहा महिन्यांनी एकच पाडस होते, जुळे क्वचित. पण ती काही काळातच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे चांगल्या वर्षात तिच्यामागे एक मोठे आणि एक लहान अशी दोन दिसतात आणि पाहुणे म्हणतात, 'जुळे झाले.' बाईंनी लिहिलेल्या आकड्यांत ही गोष्टही धरावी लागेल: एका वेळी किती आणि वर्षातून किती वेळा.

आमच्याकडे आपल्या उसासारखीच एक चूक होते. पाडस पहिले काही दिवस गवतात मान जमिनीला टेकवून पडून राहते आणि आई लांब चरत असते. दूध पाजण्यापुरती ती जवळ येते. माणसाला वाटते, आईने टाकून दिले. मग कोणीतरी दयेपोटी ते उचलून घरी आणतो, बाटलीने दूध पाजतो, आणि बहुतेक वेळा ते मरते. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने असेच एक पाडस आणले होते. आम्ही ते संध्याकाळच्या आत त्याच जागी परत ठेवले आणि बांधाआड बसून राहिलो. अंधार पडायच्या आधी आई आली. एकच पाडस असणाऱ्या मादीचे ते एक नेले म्हणजे तिचा सहा महिन्यांचा गर्भ आणि पुढचे दूध सगळे वाया गेले, हे त्या दिवशी मला जाणवले. डुकरिणीचे एक गेले तर पाच उरतात; काळविटाचे तसे नाही.

कादवाकाठ (निफाड तालुका)

डॉक्टरसाहेब, बाई आणि येवलेकर, आपणा तिघांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी मुकादमांना आणि बंधूंना वाचून दाखवली. दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात हे ऐकल्यावर वाद तिथेच थांबला.

आम्ही दोन रात्री वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर वनरक्षक आल्यावर घरांच्या बाजूने तोड सुरू केली आणि कादवेची बाजू पूर्ण मोकळी ठेवली. दुपारपर्यंत एक एकर संपला. आत तिसरे पिल्लू नव्हते. शेवटच्या चार सऱ्यांमध्ये पाचट दबून झालेली एक गोल जागा आणि तिथे चिकटलेले केस मात्र दिसले. वनरक्षकांच्या म्हणण्याप्रमाणे मादीने पिल्ले तिथे काही काळ ठेवली असावीत. ती जागा पहिल्या जागेपासून पन्नास पावलांवर आहे, म्हणजे आम्ही क्रेट ठेवला त्या रात्री ती बहुधा तिथूनच ये-जा करत होती.

शेजारच्या शेतातील ऊस पुढच्या आठवड्यात तुटणार आहे. त्या शेतकऱ्यांना मी कालच जाऊन भेटलो. ते फड पेटवणार होते. आता पेटवणार नाहीत.

निवृत्त पशुवैद्य (सिन्नर)

फार चांगले केलेत. शेजारच्या फडात तोड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षकांना कळवून ठेवावे, कारण मादी तिथे गेली असण्याची शक्यता मोठी आहे. आणि टोळीतील ज्या बाईंनी पिल्ले प्रथम पाहिली आणि कोयता थांबवला, त्यांना पुढच्या फडात पहिल्या सरीवर ठेवावे. अशी नजर शिकवून येत नाही.